दिपेशचे वाढदिवस

— नाही नाही, स्टुलावर कशाला? त्यावर पोरं बसतात. ही खुर्ची घ्या, इथं एसीचा वारा नीट लागतो. दिपेशचे वडील ना तुम्ही, रामचंद्रभाऊ? वॉचमननं गेटवरून फोन केला, दिपेशचे वडील आलेत, सुपरवायझरना भेटायचंय म्हणतात, तेव्हाच मी मनात म्हटलं, आले. कधीतरी येणार होतातच. मालक नाहीत हां आज, मालक मनात आलं की उगवतात, या गाळ्याचं जे काय बरंवाईट ते मीच बघतो, दत्ताराम म्हणतात मला, दिपेशच्या तोंडून ऐकलंच असेल. ती पिशवी खाली ठेवा. नको नको, टेबलावर नको, उघडूही नका, आत काय असणार मला माहीत आहे — एक्सरे, रिपोर्ट, औषधांचे कागद. ते मी बघून काय करू, मी काय डॉक्टर आहे? आणि जरा — म्हणजे राग मानू नका, मासळीचा वास येतोय थोडा. असू दे. तुमचा धंदाच तो, कपड्यांत मुरलेला असतो, मी समजू शकतो, मी स्वतः मालवणकडचा आहे. पण मालक वास घेत येतात, त्यांना अंडंसुद्धा चालत नाही इथं, म्हणून म्हटलं. बसा हो, बसा.

तर दिपेश बोलला. शेवटी बोललाच ना घरी? मला वाटलंच होतं. हॉस्पिटलमध्ये हवालदार आला तेव्हा कसं शहाण्यासारखं सांगितलं पोरानं — माळ्यावर प्लास्टिकच्या दाण्याची गोणी चढवत होतो, शिडीवरून पाय सटकला. आम्ही सगळे होतो ना तेव्हा पलंगाभोवती, मी आणि इथली पोरं, प्रितम, धाकू, निलेश, सफरचंदं घेऊन गेलेलो. हवालदारानं विचारलं, कुणाबद्दल काही संशय? दिपेशनं माझ्याकडे बघितलं, प्रितमकडे बघितलं, आणि म्हणाला, नाही साहेब, मीच पडलो. मी तेव्हा बाहेर येऊन प्रितमला म्हटलंसुद्धा, पोरगा चांगला आहे रे, उगाच आपण त्याला — असो. पण घरी नेलं की काय होतं, आई उशाशी बसते, केसांतनं हात फिरवते, आणि माणूस बोलून मोकळा होतो. थांबा, थांबा, तुम्ही नंतर बोला. तुमचं ऐकणारच आहे मी. आधी माझं ऐकून घ्या, कारण एकाच बाजूचं ऐकून माणसं पोलीस स्टेशनची पायरी चढतात आणि मग उतरता येत नाही.

पहिली गोष्ट — मारामारी झालेली नाही. मारामारी म्हणजे काय, दोन माणसं एकमेकांवर राग काढतात. इथं कुणाला कुणाचा राग नव्हता. वाढदिवस होता. बस्स, वाढदिवस! वाढदिवसाला हल्ली पोरं काय करतात? केक आणतात, अर्धा खातात, अर्धा तोंडाला फासतात, मग चौघं जण हात-पाय धरून पोराला झुलवतात आणि बाकीचे खालून कमरेवर लाथा घालतात. बम्प्स म्हणतात त्याला. तुमच्याकडे गोराईला नाही करत? सगळीकडे करतात हो. कॉलेजात करतात, बँकेतली टाय लावलेली पोरं करतात, आमच्या सोसायटीत गेटसमोर करतात आणि वरून गॅलरीतून बायका मोबाइलवर शूटिंग घेतात, हॅपी बर्थडे हॅपी बर्थडे करत. कुणी पोलिसांना बोलावतं? असे बघू नका माझ्याकडे. तुम्ही म्हणाल, आमच्या दिपेशचा वाढदिवस नारळी पुनवेला, आणि हे तर होळीनंतर झालं. माहीत आहे मला. तो सांगायचा ना, मी पुनवेचा जन्मलेला, त्या दिवशी आमच्याकडे दर्याला नारळ देतात, मी कामावर येणार नाही. दिली होती मी त्याला सुट्टी. तो त्याचा घरचा वाढदिवस. इथले वाढदिवस वेगळे असतात.

आता ते तुम्हाला नीट समजावून सांगतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. आपण इथं काय करतो, शाम्पूच्या नि तेलाच्या बाटल्यांची झाकणं करतो. मशीनमधून झाकण निघतं तेव्हा कडेला प्लास्टिकची शिल्लक राहते, ती ब्लेडनं काढायची, एवढंच पोरांचं काम. पण कुणाचं लक्ष मोबाइलमध्ये, कुणाचं पोरीत — हात घसरला की झाकण कापलं जातं, झाकण कापलं की तेल गळतं, आणि कंपनी अख्खा माल परत पाठवते. आता बाजूच्या गाळ्यातले सुपरवायझर काय करतात? सरळ पगार कापतात. मी आजपर्यंत एकाही पोराचा पगार कापलेला नाही, विचारा कुणालाही. मी काय ठरवलं — ज्याचा माल परत आला, त्याचा वाढदिवस! केक त्यानंच आणायचा. जेवणाच्या सुट्टीत सगळे गोल उभे राहतात, गाणं म्हणतात, टाळ्या, हसाहशी, लाथा, आणि सायरन झाला की परत ज्याच्या त्याच्या मशीनवर. मनात काही राहत नाही. माल परत येणं निम्म्यावर आलं माझ्या या एका युक्तीनं. मालक खूष होऊन म्हणाले, दत्ताराम, तुला कॉलेजात शिकवायला पाठवला पाहिजे. आता बोला, यात वाईट काय आहे? धाकूचा झालाय वाढदिवस, प्रितमचा झालाय, निलेशचा तर गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवशीच झाला, बिचारा नवीन पँट घालून आलेला. सगळे हसतात. उठतात, पार्श्वभाग चोळतात आणि हसतात.

मी कसा शिकलो सांगू? वाकोल्याला एका वर्कशॉपमध्ये होतो पोरवयात. तिथं चूक झाली की उस्ताद गरम पत्रा हाताला लावायचा. हे बघा, मनगटावर, अजून आहे. आणि त्याच्याही आधी शाळेत, आमचे गुरुजी अंगठे धरून उभं करायचे आणि पाठीवर दप्तरं रचायचे, एकेक पोरगा येऊन आपलं दप्तर ठेवायचा आणि हसत जायचा. घरी सांगितलं तर बाबा आणखी दोन ठेवून द्यायचे, दिवसभर राबून दमून आलेला माणूस, त्याला कुठं वेळ. म्हणून सांगायचंच नाही हे मी आपोआप शिकलो. आणि काय वाईट झालं माझं? कांदिवलीत घर आहे, हाताखाली एवढी माणसं आहेत. आता बघा, पोराकडे शिक्षकानं नुसते डोळे वटारले तरी आई ग्रुपवर मेसेज टाकते. तसं नाही म्हणा, काही वेळा जावं लागतं. माझी दिशा सहावीत आहे, तिच्या वर्गातल्या पोरींनी तिच्या केसांत च्युइंगम लावलं — गंमत म्हणून हो — केस कापावे लागले कानापर्यंत. पोरगी चार दिवस जेवली नाही. मी शाळेत गेलो आणि हेडबाईंच्या टेबलावर असा हात आपटला की त्यांचा चहा सांडला. म्हटलं, माझ्या पोरीच्या केसाला हात लावणाऱ्या पोरी उद्या या शाळेत दिसल्या तर बघाच. बाई म्हणाल्या, अहो, मुलांची गंमत असते. मी म्हटलं, गंमत? रडतेय माझी पोर, आणि गंमत? — काय? नाही, ते वेगळं. ती मुलगी आहे. आणि लहान आहे. तुम्ही उगाच दोन्हींची गाठ मारू नका.

दिपेशचा प्रॉब्लेम काय होता माहीत आहे, तो हसायचा नाही. खरं सांगतो, तो हसला असता ना, तर यातलं काहीच झालं नसतं. पहिल्या आठवड्यात पोरांनी त्याला नाव ठेवलं, सुकट. आता कोळ्याचा पोरगा, पहाटे आईबरोबर बंदरावर जातो, टोपल्या उचलतो, मग आंघोळ करून इथं येतो — कितीही साबण लाव, बोटांना थोडा वास राहणारच. पोरं म्हणणारच सुकट. त्यात काय? निलेशला टकल्या म्हणतात, धाकूला ढेरपोट्या. त्यांनी ओ दिली आणि विषय संपला. दिपेश ओ द्यायचा नाही. नुसता बघायचा. तुम्ही आता बघताय ना, अगदी तसाच, मघापासून मला तेच आठवतंय. सुकट म्हटलं की मान वर करायचा, बघायचा, आणि परत ब्लेड चालवायला लागायचा. मग पोरांना चेव येतो. एकानं नाकाला रुमाल बांधला, दुसऱ्या दिवशी सगळे रुमाल बांधून आले. त्याच्या डब्यात कुणी फिनेल टाकलं — थोडंसंच हो, झाकणभर. मी रागावलो त्यांना. म्हटलं, अन्नाची नासाडी करू नका. मग त्याचे वाढदिवस जरा जास्त यायला लागले. म्हणजे माल त्याचा परत यायचा असं नाही, काम त्याचं साफ होतं, खोटं कशाला बोलू, सगळ्यांत साफ त्याचंच. पण पोरं म्हणायची, साहेब, आज कुणाचा वाढदिवस नाही, कंटाळा आलाय, सुकटचा करू या? आता आठ-आठ तास मशीनच्या आवाजात उभी असतात पोरं, त्यांना काहीतरी विरंगुळा नको? मी म्हणायचो, करा, पण लवकर आटपा. केक आणायला तोच जायचा. नाक्यावरचा बेकरीवाला त्याला म्हणाला होता म्हणे, काय रे, तुमच्या घरात रोज कुणीतरी जन्माला येतं काय? हे दिपेशनंच कुणाला तरी सांगितलं. तेव्हा मात्र थोडा हसला होता म्हणतात.

चहा घ्या ना. घ्या हो, निवतोय. बरं, आता मूळ मुद्द्यावर येतो. तुम्हाला वाटत असेल या गाळ्यात कुणी विचारणारं नाही. सगळं आहे हो. ज्या कंपनीला आम्ही झाकणं देतो ना, त्यांची माणसं येतात तपासायला, कामगार सुखी आहेत का, कुणाला त्रास आहे का. अंधेरीहून रुचिका मॅडम आल्या होत्या. चांगल्या बाई, सगळ्यांना ‘सर’ म्हणत होत्या, धाकूलासुद्धा. त्यांनी ती तक्रारपेटी लावली, ती बघा भिंतीवर, तुमच्या मागं. किल्ली माझ्याकडे. आजपर्यंत त्यात वेफर्सची पाकिटं आणि माव्याच्या पुड्या सोडून काही निघालेलं नाही. मग मॅडमनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, मी बाजूलाच होतो, आणि विचारलं, इथं कुणाला त्रास होतो का, हात वर करा. आता कोण करणार हात वर? फोटो काढला, निघाल्या. आणखी एक केलं त्यांनी, सगळ्यांना सेफ्टी शूज सक्तीचे केले. आधी आमची पोरं चपलांवर असायची. मॅडम म्हणाल्या, पायावर मशीनचा लोखंडी साचा पडला तर? पुढं लोखंडी टोप असलेले शूज द्या सगळ्यांना. मालकांनी कुरकुर केली, पण दिले. म्हणजे बघा, काळजी घेणारी माणसं आहेत.

आणि तुमच्या दिपेशनं काय केलं? ओळीत उभा असताना गप्प. आणि मॅडम गाडीत बसायला लागल्या तेव्हा मागनं धावत गेला. मशीन सोडून! मी काचेतून बघतोय. काचेवर वाकून बोलत होता काहीतरी, मॅडम मान हलवत होत्या. काय बोलला असेल? मला कळायला वेळ नाही लागला. मॅडमनी त्यांच्या ऑफिसात सांगितलं, ऑफिसनं आमच्या मालकांना फोन केला, मालकांनी मला. मालक काही रागावले नाहीत हां, हसतच होते. म्हणाले, दत्ताराम, तुझ्याकडे कुणी वाढदिवस साजरे करतं अशी तक्रार आलीय, हे काय नवीन? मग म्हणाले, ऑर्डर मोठी आहे, बघून घे. एवढंच. बघून घे. आता मालक बघून घे म्हणतात त्याचा अर्थ काय होतो, तुम्ही सांगा. तुमच्या होडीवर तांडेल म्हणाला बघून घे, तर तुम्ही काय कराल?

मी पोरांना म्हटलं, आज दिपेशचा वाढदिवस. जरा मोठा करा. बस्स, एवढंच म्हटलं मी, मोठा करा. केक मी आणला त्या दिवशी, माझ्या खिशातून, त्याला पाठवला नाही. चॉकलेटचा. म्हणजे वैर नव्हतं बघा माझ्या मनात. त्यानं केक कापला. प्रितमनं फासला तोंडाला. मग उचलला त्याला. आता नेहमीसारखंच होतं सगळं, नेहमीसारखीच गाणी, नेहमीसारखीच पोरं — फक्त पायात ते शूज. ते नवीन होते ना, कुणाच्या लक्षातच आलं नाही. मला विचाराल तर चूक कुणाची असेल तर त्या शूजची आहे. चपलेनं काय झालं असतं? काही नाही. तो ओरडला तेव्हा सगळे आणखी हसले, कारण तो कधी ओरडायचा नाही ना, पहिल्यांदाच ओरडला, आणि मला वाटलं, चला, शेवटी आला लायनीवर, आता हसेल. म्हणून मी पण पुढं गेलो आणि एक — म्हणजे मी नुसती — सुपरवायझरनं एक लावायचीच असते शेवटची, तशी पद्धत आहे. त्यानं वाढदिवस संपतो. मी नाही लावली तर पोरं थांबतच नाहीत. थांबवण्यासाठीच लावली मी.

मग खाली ठेवला त्याला. उठेना. धाकूनं पाणी मारलं. म्हणाला, पाय कुठं आहेत माझे? आम्हाला वाटलं नाटक करतोय. मग बघितलं तर पँट ओली झालेली. तेव्हा मात्र पोरं घाबरली, निलेश तर रडायलाच लागला. पण मी डोकं शांत ठेवलं. असल्या वेळी एकानं तरी शांत राहायला पाहिजे की नाही? मी म्हटलं, याला माळ्याच्या शिडीखाली न्या. एक गोणी फोडा, दाणा पसरा. मी स्वतः काखेत हात घालून उचलला त्याला, फरफटवला नाही, उचलला. वजनदार आहे हो तुमचा पोरगा. तोंडावरचा केक पुसला माझ्या रुमालानं. मग रिक्षा. मागच्या सीटवर धाकूच्या मांडीवर डोकं, पाय बाहेर निघत होते म्हणून जरा दुमडून बसवला. डॉक्टर म्हणाला, पडल्यावर हलवायला नको होतं, हलवल्यानंच जास्त झालं. आता आम्हाला काय माहीत? आम्ही मदतच करत होतो. रस्त्यावर कुणी पडला तर बघतसुद्धा नाहीत लोक, आम्ही हॉस्पिटलला नेला.

तर असं आहे सगळं. काही लपवलं नाही तुमच्यापासून. बायकोनं सांगितलं मला, आमची शेवंती — त्या लोकांना जाऊन भेटून या हो, पोरगा अंथरुणावर आहे. मी म्हटलं, मी गेलो तर कबूल केल्यासारखं होईल, ते येतील. आणि तुम्ही आलात. आता तुम्ही आणि मी, बाहेरचं कुणी नाही. पोलिसांत जाऊन काय होईल ते सांगतो. हवालदार म्हणेल, पोरानं स्वतः जबाब दिलाय, शिडीवरून पडलो. हॉस्पिटलच्या कागदावर तेच. इथली सगळी पोरं तेच सांगणार, कारण सगळ्यांनीच — म्हणजे सगळेच होते ना. पेपरवाला येईल, एक दिवस छापेल, पुढच्या दिवशी त्यात भजी बांधतील. तुमच्या वाड्यातले लोक म्हणतील, एवढा धट्टाकट्टा दर्यावरचा पोरगा, झाकणं कापणाऱ्या पोरांनी उचलून मारला? आणि हा गप्प राहिला? त्यालाच तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तेव्हा मनात काय आहे ते सरळ बोला. काय पाहिजे तुम्हाला? आणि ती पिशवी उचला जरा, पाणी गळतंय त्यातनं, लादीवर ओघळ आलाय. बाटली उपडी झाली काय आत?

काय?

कोण निमेश?

धाकटा. बरं. बारावी झालाय. मग?

थांबा. थांबा, परत सांगा. त्याच्या कामासाठी आला होतात? तुम्ही — निमेशला इथं चिकटवा म्हणून सांगायला आलात? दिपेशच्या जागी? म्हणजे दिपेशनं तुम्हाला — घरी काय सांगितलंय त्यानं? शिडीवरून पडलो? तुम्हालापण? आईलापण?

आवशीक खाव.

आणि पिशवीत काय आहे? उघडा. उघडा हो आता. — पापलेट. बर्फात घातलेली. माझ्यासाठी आणलीत. साहेबांनी पोराला हॉस्पिटलला नेलं, जीव वाचवला, म्हणून? दिपेशच्या आईनं, मंजुळावहिनींनी निवडून दिली? अरे देवा. मासळी घेऊन कधी कुणी भांडायला येतं? मालवणात वाढलो मी, कुणाकडे काम असलं की आमची आई मासळीची पाटी पदराखाली घेऊनच जायची, आणि माझ्या नाकाला मघापासून वास येतोय, तो मला कळू नये? मला काय वाटलं, तुमच्या अंगाला — जाऊ दे. मग तुम्ही मला थांबवलं का नाही? तोंड नाही तुम्हाला? दोनदा उघडलंत तोंड — हो, मीच थांबवलं, पण मोठ्यानं बोलायचं होतं ना! पोरगा तसा, बाप तसा. नुसते बघता. नुसते बघत बसता आणि समोरच्याला बोलायला लावता.

बरं. ठीक आहे. चुकून कळलं तुम्हाला. कळलं म्हणून काय बदललं? तुम्ही या दारातून आत आलात तेव्हा पोरगा अंथरुणावर होता, आताही आहे. मी बोललो नसतो तर उठून चालला असता? नाही ना. मग. आणि मी काय बोललो, कुणी ऐकलं? मशीनच्या आवाजात इथं माणसाला स्वतःचं ऐकू येत नाही. उद्या विचारलं कुणी, तर मी तुम्हाला पापलेटचा भाव विचारत होतो.

उठू नका. बसा. आता मी सांगतो ते शांतपणे ऐका, कारण हे मी दुसऱ्यांदा सांगणार नाही. दिपेश आता काही कमवणार नाही. मंजुळावहिनी त्याच्याजवळ बसणार, त्याला कूस बदलून द्यायला, म्हणजे त्यांची बाजारातली जागा बंद. तुमच्या जाळ्यात हल्ली काय येतं ते मला माहीत आहे, निम्मं प्लास्टिक येतं, त्यात आमची झाकणंही असतील. निमेशला दुसरं कोण घेणार? या एस्टेटमधल्या प्रत्येक गाळ्यातला सुपरवायझर माझ्या ओळखीचा आहे, आमचा क्रिकेटचा ग्रुप आहे. मी एक शब्द टाकला की निमेशला दारात उभं करणार नाहीत. आणि मी दुसरा शब्द टाकला तर सोमवारी तो दिपेशच्या मशीनवर उभा असेल. मशीन रिकामंच आहे. कुणी बसायला तयार नाही त्यावर, मूर्ख साले. मी कुणावर जबरदस्ती करत नाही. माझी तशी पद्धत नाही. ही पिशवी आहे. घेऊन गेलात तर मी समजेन की तुम्ही पोलीस स्टेशनला चाललात. इथं ठेवून गेलात तर समजेन, सोमवारी निमेश येतोय आणि दिपेश शिडीवरून पडला.

उचललीत?

बघा हां. नीट विचार करा. रागाच्या भरात माणूस उचलतो आणि मग फाटकापर्यंत जाईस्तोवर हात दुखायला लागतो. दार उघडायच्या आधी घरी अंथरुणावर काय आहे ते डोळ्यांसमोर आणा. औषधं आणा डोळ्यांसमोर. निमेशला आणा. मी थांबतो. मला घाई नाही. — दाराशी का उभे राहिलात? जायचं तर जा ना. काय बघताय बाहेर? तो निळ्या शर्टातला प्रितम. त्याच्या बाजूला धाकू. हो, तेच शूज. चांगला पोरगा आहे प्रितम, घरी आजारी आई आहे, निमेशला कामही तोच शिकवेल.

हां.

ठेवा. तिथंच ठेवा, कोपऱ्यात, मालकांच्या नजरेला पडायला नको. शहाणे आहात. मी म्हटलंच होतं, कोळी माणूस वरून कडक असतो, पण व्यवहार कळतो. रडू नका हो, पोरं काचेतून बघतात. तोंड पुसा. मंजुळावहिनींना सांगा, पापलेट फार छान आहेत, शेवंती आज तिरफळं घालून करेल. आणि निमेशला सांगा, शूज इथं मिळतील, त्याच्या पायाचा नंबर काय असेल तो असू दे, दिपेशचेच आहेत.

निघा आता, सायरन होईल. दार ओढून घ्या, एसी चालू आहे. — आणि अहो, रामचंद्रभाऊ. निमेश हसतो ना?